बुख्नेराच्या आरएनए-सीकमध्ये काहीच बदलत नाही: मोजण्यात चूक, की जीवाणूच असा?

प्रश्न – कीटकपेशी

नमस्कार मंडळी,

वाटाण्यावरच्या माव्यात (ॲसिर्थोसायफन पायसम) राहणाऱ्या बुख्नेरा या सहजीवी जीवाणूची जनुक अभिव्यक्ती आरएनए-सीकने (नमुन्यातले सगळे आरएनए वाचून) मोजायची आहे. मांडणी अशी आहे: सगळा मावा एकाच क्लोनचा, तापमान 20 अंश, दिवसाला 16 तास उजेड. तीन दिवसांची पिल्ले पॅराफिल्मच्या दोन पापुद्र्यांमध्ये भरलेल्या कृत्रिम आहारावर ठेवली. पहिल्या गटाला 0.5 मोलर साखर आणि वीसही अमिनो आम्ले. दुसऱ्याला तोच आहार, पण ल्यूसीन, फेनिलॲलानिन आणि ट्रिप्टोफॅन वगळून. चार दिवसांनी अख्खा मावा गोठवून आरएनए काढला. दोन्ही गटांचे प्रत्येकी 3 नमुने. पॉली-ए निवड (शेपटाला ए-साखळी असलेले आरएनए वेगळे काढणे) केलेली नाही, रायबोसोमल आरएनए किटने कमी केला. लायब्ररीमागे (वाचनासाठी तयार केलेल्या एका नमुन्यामागे) सुमारे 3 कोटी रीड्स (वाचलेले तुकडे).

अडचणी:

माव्याचे आणि बुख्नेराचे रीड्स एकत्र नॉर्मलाइज केले (तुलनेसाठी एका मापावर आणले) की कमी आहाराच्या गटात बुख्नेराची जवळजवळ सगळीच जनुके 1.4 पट वर दिसतात. बुख्नेराचे रीड्स वेगळे काढून नॉर्मलाइज केले की एकही जनुक बदललेले दिसत नाही. यातले खरे कोणते?

क्यूपीसीआरमध्ये (एकेका जनुकाचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीत) ल्यूसीन बनवण्याच्या मार्गातले ल्यू-ए हे जनुक ग्रो-ईएल या संदर्भ जनुकाच्या तुलनेत 1.3 पट खाली येते. ल्यूसीन काढून घेतल्यावर ते वर जायला हवे ना?

शेवटचे म्हणजे, गुणसूत्रावरच्या क्रमाने अभिव्यक्तीचा आलेख काढला तर लाटा दिसतात. जनुकाची जागा आणि अभिव्यक्ती यांचा या जीवाणूत खरोखर संबंध आहे का, की डोळ्यांना भास होतो आहे?

उत्तर 1 – बेसजोडी

आधी जीवाणूकडे पाहू, कारण तुमची अपेक्षा इ. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जीवाणूवरून आलेली दिसते. तिथे ट्रिप्टोफॅन संपले की दमनकारी प्रथिन सुटते आणि ओपेरॉन (एकत्र वाचला जाणारा जनुकांचा गट) कितीतरी पटींनी चालू होतो. बुख्नेराकडे हे यंत्रच उरलेले नाही.

या माव्याच्या बुख्नेराचा जीनोम 2000 साली वाचला गेला. गुणसूत्र 6,40,681 बेसजोड्यांचे, शिवाय 7 ते 8 हजार बेसजोड्यांची दोन प्लास्मिडे (गुणसूत्राबाहेरची डीएनएची छोटी वर्तुळे), आणि प्रथिने सांगणारी जनुके 600 च्या आत. इ. कोलायचा जीनोम 46 लाखांचा आणि जनुके चार हजारांवर. बुख्नेराची जवळजवळ सगळी जनुके इ. कोलायमध्येही सापडतात, म्हणजे नवे काही आलेले नाही, जुने गळत गेले आहे. गळताना नियमन करणारी प्रथिने फार मोठ्या प्रमाणात गेली. सिग्मा घटकांपैकी (कोणती जनुके वाचायची ते ठरवणाऱ्या प्रथिनांपैकी) नेहमीच्या कामाचा सिग्मा-70 आणि उष्णतेच्या धक्क्याचा सिग्मा-32 राहिले. उपासमारीत इ. कोलाय ज्यावर अवलंबून असतो तो आरपीओ-एस नाही. डीएनए दुरुस्तीचे रेक-ए नाही, त्यामुळे डीएनए मोडल्यावरचा एसओएस प्रतिसादही नाही.

याउलट यजमानाला लागणारी आवश्यक अमिनो आम्ले बनवणारी जनुके मात्र जपली गेली, एकूण जीनोमच्या साधारण दहावा हिस्सा. यंत्रसामग्री आहे, पण तिची बटणे काढून टाकली आहेत, अशी ही रचना आहे.

तुमच्याच प्रकारचा प्रयोग 2005 मध्ये गव्हावरच्या हिरव्या माव्याच्या (शायझाफिस ग्रामिनम) बुख्नेरावर पूर्ण जीनोमच्या मायक्रोॲरेने झाला होता. आहारातली अमिनो आम्ले बदलून दुपटीहून जास्त आणि सातत्याने बदललेले जनुक एकच निघाले: मेथिओनिनच्या मार्गातले मेट-ई. त्या बुख्नेरात मेट-ईचा नियामक मेट-आर शिल्लक आहे. तुमच्या माव्यातल्या बुख्नेराने मेट-आरही गमावला आहे. त्यामुळे "एकही जनुक बदललेले नाही" हा निकाल पाहून दचकू नका. त्या जीवाणूकडून हेच अपेक्षित आहे.

मग पुरवठा वाढतो कसा? तीन ठिकाणी पाहा.

पहिले, प्रतींची संख्या. ट्रिप्टोफॅनच्या मार्गातला पहिला एन्झाइम ज्यांपासून बनतो ती ट्रिप-ई आणि ट्रिप-जी ही जनुके गुणसूत्र सोडून प्लास्मिडवर गेली आहेत आणि तिथे एकापाठोपाठ एक अशी अनेक प्रतींत आहेत. ल्यूसीनची ल्यू-ए ते ल्यू-डी ही चार जनुके दुसऱ्या प्लास्मिडवर. दोन्ही मार्गांचा हा पहिला एन्झाइम तयार मालाने रोखला जाणारा आहे, म्हणून जास्त माल हवा तर जास्त एन्झाइम हवा, आणि जास्त एन्झाइमसाठी जास्त प्रती. जनुकाच्या जागेने नियमनाचे काम केल्याचे हे सर्वांत स्वच्छ उदाहरण. म्हणून ल्यू-ए मोजताना त्याच नमुन्यातून प्लास्मिड आणि गुणसूत्र यांचे डीएनए गुणोत्तर मोजल्याशिवाय काहीही निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरे, एन्झाइमवरचा थेट परिणाम आणि लिप्यंतरणानंतरचे नियमन. गर्भातला बुख्नेरा आणि पूर्ण वाढलेल्या बॅक्टेरिओसाइटमधला (बुख्नेराला सांभाळणाऱ्या माव्याच्या पेशीतला) बुख्नेरा यांची तुलना झाली तेव्हा प्रथिनांचे प्रमाण बदललेले सापडले, पण त्यांच्या संदेशवाहक आरएनएमध्ये तसा फरक नव्हता. जपल्या गेलेल्या लहान आरएनएंकडे त्यामुळे लक्ष गेले.

तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, यजमान स्वतः. बुख्नेराकडे शाखायुक्त अमिनो आम्लांची शेवटची पायरी करणारा ट्रान्सॲमिनेज नाही. ती पायरी माव्याच्या पेशीत होते. ग्लूटामिन बॅक्टेरिओसाइटमध्ये आणणारा माव्याचा वाहक आर्जिनिन वाढले की मंदावतो, हे 2014 मध्ये दाखवले गेले. म्हणजे नळाची चावी घरमालकाच्या हातात आहे. तुमच्याकडे माव्याचे रीड्स आहेतच. बॅक्टेरिओसाइटमधले माव्याचे वाहक, ग्लूटामिन सिंथेटेज आणि शाखायुक्त आम्लांचा ट्रान्सॲमिनेज यांचे आकडे आधी काढा.

उत्तर 2 – बर्फपेटी

बेसजोडी यांनी लिहिले ते बरोबर आहे, पण जीवाणू शांत आहे असे म्हणण्याआधी नमुना स्वच्छ आहे का हे तपासायला हवे. बुख्नेराच्या कामात बहुतेक गोंधळ प्रयोगाच्या टेबलावरच होतो.

अख्खा मावा घेणे ही पहिली अडचण. माव्याच्या मादीच्या पोटात गर्भ असतात, गर्भांत त्यांचे स्वतःचे बॅक्टेरिओसाइट असतात. आहार कमी पडला की गर्भांची वाढ मंदावते, आईच्या आणि गर्भांच्या बुख्नेराचे मिश्रण बदलते. तुम्ही आहाराचा परिणाम मोजत नाही, मिश्रणाचा मोजता. तिसऱ्या अवस्थेतली पिल्ले घ्या आणि बॅक्टेरिओसाइट वेगळे करा. थंड खारट द्रावणाच्या थेंबात दोन सुयांनी पोट उघडले की हिरवट गोल पेशींचे पुंजके बाहेर येतात. ते बारीक पिपेटने उचलून थेट फिनॉल-ग्वानिडिनच्या द्रावणात टाका. एका किड्याला दीड-दोन मिनिटांहून जास्त वेळ देऊ नका. एका नमुन्यासाठी 15 ते 20 किडे पुरतात. जीवाणूंचा संदेशवाहक आरएनए काही मिनिटांत झिजतो, तुमची दिरंगाई थेट आकड्यात उतरते.

बुख्नेरा गाळून वेगळा करण्याची जुनी पद्धत डीएनएसाठी उत्तम आहे: सुमारे अर्धा ग्रॅम मावा, बर्फावरच्या खलात 10 मिलि बफर (35 मिलिमोलर ट्रिस, सामू 7.5, 25 मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, 10 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, 250 मिलिमोलर साखर), मग 100, 20, 10 आणि शेवटी 5 मायक्रॉनची जाळी, 4 अंशांवर 1500 जी वेगाने 10 मिनिटे. साखर विसरू नका. या जीवाणूकडे लिपोपॉलिसॅकराइड बनवण्याची जनुके नाहीत, बाह्यपटल नाजूक आहे, साध्या पाण्यात पेशी फुटतात. पण या सगळ्याला पाऊण तास लागतो, म्हणून आरएनएसाठी ही पद्धत वापरू नका.

आता डीएनएची भेसळ. बुख्नेराच्या एका पेशीत जीनोमची एकच प्रत नसते. 1999 मध्ये मोजले तेव्हा सरासरी 120 प्रती आढळल्या. जीवाणूच्या जनुकांत इंट्रॉन नाहीत, त्यामुळे माव्याच्या जनुकांसारखी एक्सॉनच्या सांध्यावर प्रायमर बसवण्याची सोय नाही. डीएनेझ दोनदा द्या, मधे आरएनए स्तंभावरून स्वच्छ करा. प्रत्येक नमुन्यासाठी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली नळी ठेवा. दोन्हींच्या सीटीत (पदार्थ कितव्या चक्राला दिसू लागतो त्या आकड्यात) किमान 7 चक्रांचे अंतर हवे, म्हणजे भेसळ 1 टक्क्याच्या आत राहते.

प्रायमर: जीनोममध्ये जी-सी (जी आणि सी ही अक्षरे मिळून) फक्त 26 टक्के. नेहमीचे 20 अक्षरी प्रायमर 50 अंशांखाली उतरतात आणि कुठेही चिकटतात. 25 ते 28 अक्षरी घ्या, पदार्थ 80 ते 130 बेसजोड्यांचा, आणि लांबवण्याची पायरी 72 ऐवजी 60 ते 65 अंशांवर. ए-टीने गच्च भरलेला तुकडा 72 वर उसवतो आणि पॉलिमरेज अर्ध्यात सुटतो. लायब्ररीची पीसीआर चक्रेही शक्य तितकी कमी, 10 ते 12.

रायबोसोमल आरएनए काढण्याचे किट बहुधा उंदीर-माणूस-इ. कोलायसाठी बनवलेले असते. बुख्नेराच्या रायबोसोमल आरएनएपैकी 16एस काही अंशी पकडले जाते, 23एसमध्ये भगदाडे राहतात. माव्याचे 18एस तर जवळपास 2,470 अक्षरांचे, नेहमीपेक्षा खूपच लांब, आणि त्यातले जादा भाग सर्वसाधारण कीटक-प्रोबमध्ये नसतात. स्वतःचे ऑलिगो मागवून आरनेझ-एच पद्धत वापरणे दीर्घकाळात स्वस्त पडते. बुख्नेराच्या 16एस आणि 23एससाठी 50 अक्षरांचे सुमारे 90 ऑलिगो लागतात.

गुणवत्ता तपासताना एक लक्षात ठेवा. बहुतेक कीटकांच्या 28एसमध्ये लपलेला सांधा असतो, आरएनए तापवला की ते दोन तुकडे होऊन 18एसच्या शेजारी येतात, आणि यंत्र चांगल्या आरएनएलाही नापास करते. माव्यात हा सांधा नाही. त्यामुळे "कीटकांत असेच दिसते" म्हणून मोडलेले 28एस माफ करू नका. माव्यात 28एसचा कळस गायब असेल तर आरएनए खरोखरच झिजला आहे. जीवाणूचे 16एस आणि 23एस हे दोन कळस वेगळे दिसतील, ते भेसळ नव्हेत.

पॉली-ए निवड केली नाही हे चांगले केलेत. बुख्नेराच्या जनुकांत ए-ए-ए-ए अशा लांब साखळ्या इतक्या आहेत की ऑलिगो-डीटी त्यांना थोडेफार पकडतेच. मग पॉली-ए लायब्ररीतही बुख्नेराचे रीड्स दिसतात आणि लोक त्यांवरून अभिव्यक्ती मोजतात. ते आकडे कोणत्या जनुकात ए किती सलग आले आहेत एवढेच सांगतात. असे कुणाचे आकडे तुलनेला घेऊ नका.

कीटकपेशी

दोघांचेही मनापासून आभार. राहिलेली माहिती: रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजशिवायच्या नळीचे अंतर 4 चक्रांचे आहे. लायब्ररी धागा-विशिष्ट आहे. रायबोसोमल आरएनए काढल्यानंतरही 70 टक्के रीड्स रायबोसोमलच निघाले. बुख्नेराच्या संदेशवाहक आरएनएचे रीड्स प्रत्येक नमुन्यात 20 ते 25 लाख. ग्रो-ईएल संदर्भ म्हणून घेतले कारण बऱ्याच ठिकाणी तेच वापरलेले दिसते. खोली आणखी वाढवू का?

उत्तर 3 – लंबक

खोली वाढवू नका. 20 लाख रीड्स भागिले 600 जनुके म्हणजे जनुकामागे सरासरी सव्वातीन हजारांहून जास्त. कमी बोलणाऱ्या जनुकांनाही शेकड्यात रीड्स मिळतात. कमतरता नमुन्यांची आहे.

हिशेब करून पाहू. एका गटातले नमुने = 2 × (1.96 + 0.84)² × (1/रीड्स + विचलनगुणांकाचा वर्ग) ÷ (बदलाच्या नैसर्गिक लॉगचा वर्ग). जनुकामागे 100 रीड्स आणि एकाच क्लोनच्या माव्यात विचलनगुणांक (नमुन्यानमुन्यांतला चढउतार) 0.2 धरला तर मधला कंस 0.05 येतो. दुपटीचा बदल पकडायला 2 नमुने पुरतात. दीडपटीला 5 लागतात. 1.3 पटीला 12. आणि हे एकाच जनुकासाठी झाले. 600 जनुकांची चाचणी एकदम करायची तर सीमा 0.001 च्या आसपास न्यावी लागते, मग 1.96 च्या जागी 3.29 येते आणि दीडपटीसाठी 11, 1.3 पटीसाठी 25 नमुने लागतात.

रीड्स 100 वरून 1000 केले तर कंस 0.05 वरून 0.041 वर येतो. म्हणजे दहापट पैसे घालून पाचव्या हिश्श्याहूनही कमी फायदा. तोच पैसा नमुन्यांत घाला. तुमच्या 3 नमुन्यांत "काही बदलले नाही" याचा अर्थ "दुपटीच्या वर काही बदलले नाही" एवढाच आहे. बेसजोडी यांनी सांगितलेल्या जीवाणूत बदल असलाच तर त्याच्या खालीच असणार. निकालात तसेच लिहा, प्रत्येक जनुकाची विश्वासमर्यादा द्या.

1.4 पटीचे कोडे सोपे आहे. दोन जीवांचे रीड्स एका पिशवीत घालून नॉर्मलाइज केले की माव्याच्या पेशीमागे बुख्नेरा किती आहे तेच प्रत्येक जनुकात दिसते. पिल्लांची वाढ खुंटली, बॅक्टेरिओसाइट शरीराच्या मानाने मोठे राहिले, सगळी जनुके एकदम वर. ती घनता आहे, अभिव्यक्ती नव्हे. दोन जीवांचे गुणक नेहमी वेगळे काढा. घनतेचा प्रश्न महत्त्वाचा असेल तर तो डीएनएवरून वेगळा मांडा: बुख्नेराचे एकप्रती जनुक भागिले माव्याचे एकप्रती जनुक.

वेगळे काढतानाही एक सावधगिरी. 600 जनुकांच्या जीवाणूत ग्रो-ईएलसारखी दोन-चार जनुके रीड्सचा मोठा वाटा खातात. रीड्स प्रति दशलक्ष असा साधा हिशेब केला तर ग्रो-ईएल थोडे वर गेले की बाकी सगळी जनुके खाली गेल्यासारखी दिसतात. गुणोत्तरांच्या मध्यावर बेतलेली पद्धत वापरा आणि उरलेले रायबोसोमल रीड्स आधीच वजा करा.

उत्तर 4 – बर्फपेटी

4 चक्रांचे अंतर म्हणजे सोळावा हिस्सा, 6 टक्के डीएनए. ठळकपणे बोलणाऱ्या जनुकाला त्याने फरक पडत नाही, पण ल्यू-ए प्लास्मिडवर आहे, म्हणजे भेसळीतही त्याच्या प्रती वेगळ्या प्रमाणात आहेत. धागा-विशिष्ट लायब्ररीचा इथे उपयोग आहे: जनुकांमधल्या, कुणीच वाचत नसावे अशा जागांत दोन्ही धाग्यांवर सारखे रीड्स पडले असतील तर ते डीएनएचे. एकाच धाग्यावर असतील तर खरे लिप्यंतरण, ओपेरॉन संपूनही पुढे चालत राहिलेले.

ग्रो-ईएल संदर्भ म्हणून घेऊ नका. डीएनएवरून घनता मोजायला ते चालते, कारण गुणसूत्रावर एकच प्रत आहे, आणि तुम्ही पाहिलेल्या ठिकाणी बहुधा तसेच वापरलेले असेल. आरएनएसाठी मात्र ते उष्णतेच्या धक्क्याचे जनुक आहे. आहाराच्या ताणात ते 1.3 पट वर गेले असेल तर तुमचे ल्यू-ए जागचे हललेलेही नसेल. रीड्सच्या तक्त्यातून सर्व नमुन्यांत स्थिर असलेली, मध्यम पातळीची, वेगवेगळ्या ओपेरॉनमधली तीन जनुके निवडा आणि त्यांचा भूमितीय मध्य घ्या.

उत्तर 5 – बेसजोडी

बर्फपेटींशी एका बाबतीत थोडा मतभेद आहे. ग्रो-ईएलचे डीएनए गुणोत्तर म्हणजे बुख्नेराची पेशीसंख्या नव्हे. एका पेशीत जीनोमच्या किती प्रती हे यजमानाच्या वयानुसार बदलते, हे दाखवलेले आहे. डीएनए दुप्पट झाला तर जीवाणू दुप्पट झाले, की जीवाणू तेवढेच राहून प्रती वाढल्या, हे क्यूपीसीआर सांगू शकत नाही. पेशी मोजायच्या तर बॅक्टेरिओसाइट फोडून डीएनए रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजाव्या लागतात. शब्द वापरताना "घनता" ऐवजी "जीनोम प्रती" म्हटले तर वाद उरत नाही.

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट तुमच्या क्लोनबद्दल तपासा. वाटाण्याच्या माव्याच्या काही वंशांत बुख्नेराच्या आयबीपी-ए या लहान उष्णता-प्रथिनाच्या प्रमोटरमध्ये (जनुक चालू करणाऱ्या भागात) सलग ए अक्षरांतले एकच अक्षर गळलेले आहे. 2007 मध्ये दाखवल्याप्रमाणे त्या एका अक्षराने आयबीपी-ए चालू होणे जवळपास थांबते. पिल्लांना काही तास 35 अंश सोसावे लागले की अशा वंशांची पैदास कोलमडते, उलट थंड हवेत तेच वंश अधिक पिल्ले देतात. नियामक गमावलेल्या जीवाणूत प्रमोटरमधले एक अक्षर केवढे वजन टाकते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. पुढे दुसऱ्या क्लोनशी तुलना केलीत आणि दोन्ही क्लोन यात वेगळे असतील तर तुलनाच मोडेल. प्रमोटरचा 200 बेसजोड्यांचा तुकडा वाचून घ्या. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

सलग ए असलेली जागा जनुकाच्या आत असेल तर वेगळी गंमत होते. पॉलिमरेज तिथे घसरतो, काही संदेशांत एक ए जास्त, काहींत कमी. त्यामुळे डीएनएत वाचनचौकट मोडलेले जनुकही काही प्रमाणात पूर्ण प्रथिन देऊ शकते. बुख्नेरा आणि मुंग्यांमधल्या ब्लॉकमानिया या दोन्हींत हे 2008 मध्ये मांडले गेले. म्हणून डीएनएत मोडलेले दिसते म्हणून एखादे जनुक यादीतून लगेच काढू नका.

उत्तर 6 – लंबक

आता लाटांबद्दल, कारण यात सर्वांत जास्त फसगत होते.

प्रश्न रास्त आहे. 2007 मध्ये फ्रान्समधल्या ल्योंच्या गटाने याच माव्याच्या बुख्नेरावर खास ॲरे बनवून अभिव्यक्ती आणि गुणसूत्राची मांडणी यांचा संबंध तपासला, आणि इतका आटूनही या जीनोममध्ये तो संबंध टिकून असल्याचे मांडले. जीवशास्त्रीय कारणही समजण्यासारखे आहे. नियामक गेले तरी गायरेज आणि टोपोआयसोमरेज शिल्लक आहेत, म्हणजे डीएनएचा पीळ कमी-जास्त होऊ शकतो, आणि पीळ बदलला की शेजारशेजारचे प्रमोटर एकदम हलतात. शिवाय मांडणी कमालीची स्थिर आहे. वाटाण्याच्या आणि गव्हाच्या माव्यांतले बुख्नेरा किमान 5 कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी त्यांच्या गुणसूत्रात एकही उलटापालट किंवा स्थलांतर सापडले नाही.

पण तुमच्या आलेखावरून हे सिद्ध होत नाही. पायऱ्या अशा घ्या:

आधी ओपेरॉन ठरवा. एकाच धाग्यावरची, मधे 50 पेक्षा कमी बेसजोड्या असलेली जनुके प्राथमिक गट समजा, मग दोन जनुकांच्या सांध्यावरून सलग जाणारे रीड्स आहेत का पाहून गट पक्का करा. एका ओपेरॉनमधली जनुके सारखीच बोलतात, म्हणून आलेखात फुगवटे दिसणारच. शून्य-गृहीतकासाठी एकेक जनुक विस्कटले तर कोणताही जीवाणू "लाटा" दाखवतो आणि पी-मूल्य हास्यास्पद लहान येते. विस्कटायचे ते पूर्ण ओपेरॉन, आतला क्रम तसाच ठेवून, किमान 10,000 वेळा.

मग जनुक प्रतिकरणातल्या अग्रधाग्यावर (लीडिंग स्ट्रँडवर) आहे का, जनुकाची लांबी आणि जी-सी हे तिन्ही घटक प्रतिगमनाने बाजूला करा. रायबोसोमल प्रथिनांचा मोठा पट्टा एकदा काढून आणि एकदा ठेवून पाहा. तो काढल्यावर लाट नाहीशी झाली तर ती लाट नव्हती, तो एक डोंगर होता. स्वसहसंबंध काढताना गुणसूत्र वर्तुळाकार आहे हे विसरू नका, शेवटचे जनुक पहिल्याच्या शेजारी येते. अनेक तरंगलांबी तपासल्या असतील तर प्रत्येक विस्कटीतला सर्वांत मोठा कळस घेऊन त्याच्याशी तुलना करा, त्याच तरंगलांबीशी नव्हे.

प्रतिकरणाच्या उगमाजवळच्या जनुकांच्या प्रती जास्त असतात, त्यातूनही एक लांब लाट तयार होऊ शकते. बुख्नेरा सावकाश विभाजतो, त्यामुळे ती उथळ असेल, पण गृहीत धरू नका. त्याच नमुन्याचा डीएनए वाचून 5 हजार बेसजोड्यांच्या खिडक्यांत खोली मोजा, जी-सीचा कल दुरुस्त करा, आणि आरएनएला डीएनएने भागा. उगम आणि शेवट जी-सी तिरपेपणावरून (एका धाग्यावरच्या जी आणि सी यांच्या असमतोलावरून) मिळतात. वाटाण्याच्या माव्याच्या बुख्नेरात प्रतिकरण सुरू करणारे डीएनए-ए जनुक आहे म्हणून हे सोपे जाते. त्से-त्से माशीतल्या विगल्सवर्थियात किंवा ब्लॉकमानियात डीएनए-ए नाहीच, तिथे फक्त तिरपेपणावर विसंबावे लागते.

शेवटी, लाट खरी निघाली तरी ती आजच्या नियमनाची आहे की पूर्वजाच्या मांडणीचा अवशेष, हा वेगळा प्रश्न. तीच 600 च्या आतली जनुके इ. कोलायच्या क्रमात लावून त्याची अभिव्यक्ती आखा. तिथेही तीच तरंगलांबी असेल तर निष्कर्ष जपून काढा.

कोडॉनच्या वापरावरून अभिव्यक्तीचा अंदाज घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. इ. कोलायचा संदर्भसंच वापरून काढलेला निर्देशांक इथे मुख्यतः ए-टीकडचा उत्परिवर्तनांचा कल मोजतो.

कीटकपेशी

पुढचा विचार उसावरच्या लोकरी माव्याचा आहे, 2002 मध्ये पश्चिम महाराष्ट्रात ज्याने धुमाकूळ घातला तो. हेच ऑलिगो आणि प्रायमर तिथे चालतील का?

उत्तर 7 – बर्फपेटी

तसेच्या तसे चालणार नाहीत. बुख्नेराचा क्रम प्रजातीगणिक खूप बदलतो, 16एस सोडता बाकी प्रायमर नव्याने बनवावे लागतील.

त्याआधी जीवाणू कोण आहे ते पाहा. लोकरी मावा ज्या गटातला आहे त्या गटातल्या काही माव्यांनी बुख्नेरा पूर्ण गमावला असून त्यांच्या शरीरात यीस्टसारखी बुरशी ते काम करते. लोकरी माव्याच्या जवळच्या नातलगांपैकी काही माव्यांत बुख्नेराबरोबर दुसरा जीवाणूही कायमचा असतो. दुसरा जोडीदार असेल तर एखाद्या मार्गातली जनुके दोघांत वाटलेली असू शकतात. देवदारावरच्या सिनारा माव्यात ट्रिप्टोफॅनच्या मार्गाची पहिली पायरी बुख्नेराकडे आणि पुढच्या पायऱ्या सेराशियाकडे आहेत. तिथे नुसता बुख्नेरा मोजला तर अर्धा मार्ग हरवल्यासारखा दिसेल.

म्हणून आधी 16एस आणि बुरशीचे 18एस असे दोन्ही सार्वत्रिक प्रायमर लावा, मग पूर्ण डीएनए वाचन, मग आरएनए. वाटाण्याच्या माव्यातही सेराशिया, हॅमिल्टोनेला, रेजिएला आहेत का ते पीसीआरने पाहून घ्या. हे सगळे बुख्नेराचे नातलग, जपलेल्या जनुकांचे रीड्स एकमेकांत मिसळतात. संदर्भात सगळ्यांचे जीनोम एकत्र ठेवून मॅपिंग करा आणि एकाहून जास्त ठिकाणी बसणारे रीड्स टाकून द्या.

शेतातून आणताना: डीएनएसाठी ॲसिटोन उत्तम, महिनोन्‌महिने टिकतो. आरएनएसाठी द्रव नायट्रोजन किंवा स्थिरीकरणाचे द्रावण, पण लोकरी माव्यावर मेणाचे दाट धागे असतात, द्रावण आत जातच नाही. मऊ कुंचल्याने मेण झाडा, द्रावणात किडा सुईने टोचा, मग रात्रभर 4 अंशांवर ठेवून नंतर उणे 80 मध्ये हलवा.